मकरवृत्त ओलांडून प्रवाळांच्या गावी

आमच्या माळव्याला समुद्र नाही. इंदुराहून कोणत्याही दिशेला निघाले, तरी खाऱ्या पाण्याचे दर्शन व्हावयास रात्रभराचा प्रवास घडतो. तरीही श्रावणी पौर्णिमा आली की येथील जुन्या मराठी घरांतून नारळी भात शिजतोच. होळकरांच्या मागोमाग आलेल्या आपल्या पूर्वजांनी समुद्र मागे ठेवला. समुद्राचा सण मात्र शिदोरीत बांधून आणला. आमचेही आयुष्य असेच समुद्रावाचून नारळी पौर्णिमा साजरी करण्यात गेले. त्यामुळे २०२५ सालची नारळी पौर्णिमा, म्हणजे ९ ऑगस्टचा शनिवार, आम्ही खरोखरीच समुद्रावर घालविली, आणि आमच्यापैकी एकाने तर समुद्राच्या पोटात घालविली, हे वाचकांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. हा लेख आम्ही उभयतांनी मिळून लिहिला आहे; म्हणून त्यात 'मी' कोठेच नाही. जेथे आमच्यात भेद करणे भाग पडेल, तेथे 'ती' आणि 'तो' असे लिहू. छत्तीस वर्षांच्या संसारात असा भेद करण्याची वेळ क्वचितच आली. ती या प्रवासात आली, आणि हा लेख लिहावासा वाटला तो मुख्यतः त्यामुळेच.

चिरंजीव आणि सूनबाई ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी राहतात. मुलांकडे गेलेल्या आपल्या वयाच्या मंडळींचा दिनक्रम सर्वांस ठाऊक आहे. सकाळी मुले कामावर जातात, दुपारी घर आपल्याकडे पाहते आणि आपण घराकडे. महिनाभर हे सोसल्यावर आम्ही भाड्याची एक लहानशी मोटार घेतली आणि उत्तरेस केर्न्सपर्यंत जावयाचे ठरविले. अंतर सुमारे १,७०० किलोमीटर. मुलगा कचरला; पण तेथेही वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, आणि ज्याने चाळीस वर्षे इंदूरच्या राजवाड्यासमोरून स्कूटर काढली आहे, त्यास त्या शिस्तशीर रस्त्याचे भय ते काय! सूनबाईने तेथल्याच दुकानातील पिठांची भाजणी करून दिली, शेवेची दोन पाकिटे बरोबर घातली, आणि १ ऑगस्टला आम्ही निघालो.

या रस्त्याचे नाव ब्रूस हायवे. दिवस मावळल्यावर त्यावर गाडी हाकू नये, असे सर्वांनी बजावले होते, कारण संध्याकाळच्या वेळी कांगारू अकस्मात आडवे येतात. म्हणून रोज पाचच्या आत मुक्काम गाठावयाचा, मोटेलच्या चिमुकल्या स्वयंपाकघरात थालीपीठ लावावयाचे आणि लवकर निजावयाचे, असा आमचा नेम होता. वाटेत मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही. चालकाला डुलकी लागू नये म्हणून सरकारने काही टप्प्यांवर कोड्यांच्या पाट्या लावल्या आहेत. राज्याचे फूल कोणते, सर्वांत उंच डोंगर कोणता, असले प्रश्न. आणि उत्तराची पाटी काही किलोमीटरांनंतर. मधल्या वेळात नवरा-बायकोने वाद घालावा अशी सोय! आम्ही ती सोय मनसोक्त उपभोगली.

ब्रिस्बेनपासून सुमारे ६२० किलोमीटरांवर रॉकहॅम्प्टन नावाचे शहर लागते. हा पशुपालनाचा मुलूख. शहरात जागोजागी बैलांचे पुतळे उभे आहेत. नंदीला नमस्कार करण्याच्या सवयीने आमचे हात आपोआप जुळले. या शहराच्या दक्षिण वेशीवर मकरवृत्ताची खूण म्हणून एक मनोरा उभारला आहे. तेथे आम्ही बराच वेळ थांबलो. आपल्या उज्जैनच्या थोडे उत्तरेकडून कर्कवृत्त जाते. त्याच कारणाने उज्जैन प्राचीन ज्योतिषांचे मध्यस्थान झाले, आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने तेथे वेधशाळा बांधली. लहानपणी शाळेच्या सहलीत त्या वेधशाळेत गुरुजींनी सांगितले होते की, सूर्य उत्तरेस येथवर येतो आणि मागे फिरतो. तोच सूर्य दक्षिणेस जेथवर जाऊन मागे फिरतो ती दुसरी वेस आज आमच्या पायांखाली होती. आपण उष्ण कटिबंधात जन्मलो, त्यातून बाहेर पडलो आणि दुसऱ्या दाराने पुन्हा आत येत आहोत, अशी एक गमतीची भावना मनात आली. परदेशात प्रथमच घराजवळ आल्यासारखे वाटले.

आणि खरोखरच पुढचा मुलूख ओळखीचा वाटू लागला. मॅकायच्या आसपास दुतर्फा उसाचे मळे सुरू झाले. तोडणीचा हंगाम होता. उसाने भरलेल्या डब्यांची लांबलचक आगगाडी, अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून, शेतांमधून आणि मधूनच हमरस्ता ओलांडून कारखान्याकडे जात होती. एवढ्याच रुंदीच्या रुळांवरून आपल्या ग्वाल्हेरची शिंदेशाही छोटी गाडी श्योपूरपर्यंत जात असे. ती २०२० साली बंद पडली. क्वीन्सलंडमध्ये असल्या रुळांचे जाळे सुमारे चार हजार किलोमीटरांचे आहे आणि ते आजही राबते आहे. फाटकापाशी गाडी जाईतो थांबताना आम्हांला एकदाही कंटाळा आला नाही.

पण या उसाची गोडी निर्मळ नाही. १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक महासागरातील बेटांवरून सुमारे ६२,००० माणसे या राज्यात मजुरीसाठी आणली गेली. त्यांतील कित्येकांना फसवून, कित्येकांना सरळ पळवून. पुढे १९०१ च्या कायद्याने त्यांतील बहुतेकांना परत धाडण्यात आले. आपल्याकडून फिजी, मॉरिशस येथे गेलेल्या गिरमिटियांची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वाचून नवल वाटणार नाही. साखर जेथे जेथे पिकली, तेथे तेथे कोणाचे तरी घर सुटलेले आहे.

बोवेन गावी आमच्यासाठी एक आनंदाचा ठेवा होता. हा आंब्याचा गाव. वेशीवर दहा मीटर उंचीचा आंबा उभा केला आहे. येथल्या प्रसिद्ध जातीचे नाव केन्सिंग्टन प्राइड. आणि तिचे मूळ हिंदुस्थानात. एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावरून इंग्रजी फौजेसाठी घोडे हिंदुस्थानात जात. ते पोचवून परतणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर आंब्याच्या कोयी इकडे आल्या, असे सांगतात. ऑगस्टात तेथे हिवाळा सरत असतो. म्हणून झाडे मोहोराने लगडली होती. घरी श्रावणाच्या सरी आणि येथे माघ-फाल्गुनातला मोहोर! त्या वासाने ती झाडाखाली डोळे मिटून उभी राहिली. आपल्यासारखेच ते झाडही परगावी रुजलेले. ऋतू उलटा झाला तरी मोहोर यावयाचा राहिला नाही.

टाउन्सव्हिलच्या पुढे हवा दमट झाली आणि डोंगर हिरवेगार. टली नावाच्या गावात ७.९ मीटर उंचीचा एक सोनेरी गमबूट उभा आहे. १९५० साली त्या गावी वर्षभरात पडलेल्या पावसाची ती उंची. आंबोलीच्या पावसाचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या बेळगावकर व्याह्यांना त्याचे छायाचित्र तत्काळ पाठविले. पुढच्या अरण्यात कॅसोवरी नावाचा माणसाएवढा उंच, उडता न येणारा पक्षी राहतो. मादी अंडी घालून निघून जाते. ती उबविणे आणि पुढे कित्येक महिने पिलांना सांभाळणे हे सर्व काम नराकडे. हे वाचल्यावर मोटारीत जी चर्चा झाली ती येथे देण्याचे कारण नाही.

केर्न्सला पोचलो ते ६ ऑगस्टला. समोरच्या समुद्रात ग्रेट बॅरिअर रीफ, म्हणजे प्रवाळांची महाभिंत. भिंत म्हणावयाचे खरे, पण ती सलग नाही. सुमारे तीन हजार लहानमोठी प्रवाळखडके, किनाऱ्याला समांतर २,३०० किलोमीटर पसरलेली. १९७५ साली तिच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १९८१ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. कॅप्टन कुकचे जहाज १७७० च्या जूनमध्ये याच खडकांवर आदळून फुटता फुटता वाचले.

परंतु कुकच्या कितीतरी आधीपासून येथे राहणाऱ्या यिडिन्जी लोकांची आठवण आम्हांला अधिक भावली. केर्न्सच्या भूमीला ते गिमुय म्हणतात. पूर्वी किनारा आजच्या प्रवाळभिंतीच्या कडेपर्यंत होता, मग समुद्र चढून आला, असे त्यांच्या कथा सांगतात. आणि शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली तेव्हा घडले ते असेच, असे भूवैज्ञानिक म्हणतात. आपल्याकडे परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटविला व कोकण काढले. तेथे समुद्राने पुढे येऊन माणसांची भूमी घेतली. दोन किनारे, दोन कथा. पण समुद्राशी सीमेचा वाद दोन्हीकडे आहेच.

आता मुख्य प्रसंग. आम्ही दोघांनी स्कूबा पद्धतीने, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन, पाण्याखाली जावयाचे ठरविले होते. १९४३ साली कुस्टो आणि गान्यां या दोघा फ्रेंच गृहस्थांनी या साधनाला आजचे रूप दिले. नवशिक्यांना प्रशिक्षक हाताला धरून बारा मीटरांच्या आत नेतात. पोहण्याच्या बाबतीत आम्ही विषम जोडपे आहोत. तिचे बालपण महेश्वरचे; अहिल्याबाईंच्या घाटावर पाठीला भोपळा बांधून ती नर्मदेत पोहावयास शिकली. त्याने मात्र इंदूरच्या नेहरू पार्कातील तलावापलीकडे पाणी पाहिले नाही. तरी उत्साह त्याचाच दांडगा.

नियमानुसार प्रकृतीचा तक्ता भरावयाचा होता, आणि वयाचा विचार करून आम्ही आपण होऊन डॉक्टरांकडे गेलो. बाई तरुण पण फार समजूतदार. तिचे कान, छाती, रक्तदाब सर्व तपासून त्यांनी होकार दिला. त्याला लहानपणापासून दमा. अजूनही फवारा जवळ बाळगावा लागतो. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. पाण्याखाली दहा मीटर गेले की दाब दुप्पट होतो. तेथे घेतलेला श्वास वर येताना पसरतो. निरोगी फुप्फुसातून तो बाहेर पडतो. दम्याच्या फुप्फुसात एखाद्या कोपऱ्यात अडकला, तर फुप्फुस फाटण्याचे भय. "वर तरंगत पाहा, खाली जाऊ नका," असा त्यांनी निर्णय दिला.

त्या रात्री थालीपीठ कोणालाच गोड लागले नाही. ती म्हणाली, "अहो, तुम्ही वर आणि मी खाली, हे कसले बरोबर जाणे? मग मीही नाही जात." आजवर काशी-रामेश्वरापासून मुलाच्या लग्नापर्यंत जे जे पाहिले, ते दोघांनी बरोबर पाहिले. मुलाचाही फोन आला, "आई, बाबा नाहीत तर तू एकटी कशाला धाडस करतेस?" बहुधा या वाक्यानेच पारडे फिरले. तो म्हणाला, "घाटावर पोहायला शिकलीस तेव्हा मी होतो का बरोबर? तू जा. दोघांपैकी एकाने तरी पाहून ये." रात्री उशिरापर्यंत ती जागी होती, आणि ती जागी आहे हे ओळखून तोही.

शनिवारी सकाळी बोट निघाली. बाहेरच्या खडकापर्यंत दीड-दोन तासांचा प्रवास. पौर्णिमेचा दिवस, म्हणून समुद्राला नारळ अर्पण करावा असे तिच्या मनात होते. पण त्या संरक्षित समुद्रात काही टाकावयाचे नाही आणि काही उचलावयाचेही नाही. म्हणून आम्ही कठड्याशी उभे राहून नुसते हात जोडले. वरुणाला तेवढे पुरले असावे.

प्रशिक्षकाने चार नियम सांगितले. श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही. कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारावयाची. सर्व ठीक असेल तर अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ दाखवावयाचे. आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'छान' नव्हे, 'मला वर न्या'. आपल्याकडे अंगठा दाखविण्याचा अर्थ निराळाच. ते आठवून ती हसली आणि तिची भीती थोडी सैल झाली. बोटातली पोवळ्याची अंगठी, सासूबाईंनी दिलेली, तिने काढून त्याच्या हाती दिली. दागिने घालून पाण्यात जावयाचे नसते. दोन मीटरांवर लोखंडी दांड्याला धरून मुखवट्यातील पाणी काढणे, तोंडातली नळी सुटल्यास परत लावणे, यांचा सराव झाला. आणि प्रशिक्षक, ती व आणखी दोघे असे चौघे हळूहळू खाली उतरले.

तो कमरेला तरंगते वेष्टण बांधून, तोंडात श्वासनळी धरून, पाण्यावर पालथा पडून पाहत होता. पाणी इतके स्वच्छ की खालची मंडळी हौदातल्या माशांसारखी दिसत. पाण्याखाली तांबडा रंग सर्वांआधी विरतो. तिच्या पोशाखावरची तांबडी पट्टी बघता बघता करडी झाली, आणि मग कोण कोणते हे वरून ओळखता येईना. दिसत होते ते फक्त बुडबुडे. खालून मण्यांएवढे निघत, वर येता येता पसरून बशीएवढे होत आणि त्याच्या छातीशी येऊन फुटत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले तत्त्व असे डोळ्यांसमोर सिद्ध होत होते. चौघांच्या बुडबुड्यांत तिचे कोणते हे कळण्यास मार्ग नव्हता. म्हणून त्याने चौघांचेही मोजले. ती सारी मंडळी एका खडकाआड गेली, तेव्हा काही क्षण नुसती निळाई उरली. मग खडकाच्या पलीकडून पुन्हा मणी वर आले. त्या मधल्या वेळाविषयी तो अजून फारसे बोलत नाही.

खाली तिने काय पाहिले? प्रथम ऐकला तो स्वतःचाच श्वास, मोठ्याने, जणू कोणी जवळ निजले आहे. मग कुरकुर, करकर असा आवाज. रंगीबेरंगी पोपटमासे चोचीने प्रवाळ कुरतडत होते. ते खडक खातात आणि पांढरी वाळू विसर्जित करतात. त्या किनाऱ्यांवरची पुष्कळशी वाळू अशी त्यांच्या पोटातून आलेली. परातीएवढा शिंपला, आतल्या मखमली निळ्या ओठांसह. समुद्रफुलाच्या विषारी बोटांत निर्धास्त राहणारे नारिंगी-पांढरे मासे. ते सर्व नर म्हणून जन्मतात, आणि कुटुंबातील मादी गेली की सर्वांत मोठा नर मादी होऊन घर चालवितो. एक कासव तिच्या बाजूने, घाटावरच्या एखाद्या आजीबाईंप्रमाणे कोणाकडेही न पाहता, आपल्या कामाला निघून गेले. आठ मीटर खोल, पंचवीस मिनिटे. एकदाही तिने अंगठा वर केला नाही.

पण तिने दुसरेही काही पाहिले. मध्येच प्रवाळाचे तुकडे पडलेले, त्यांवर तपकिरी शेवाळ; एखादे झुडूप चुनखडीसारखे पांढरेफटक. प्रवाळ हा खडक नव्हे, असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या देहात अतिसूक्ष्म शैवाले बिऱ्हाड करून असतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न शिजवितात आणि घरमालकाला त्यातले बहुतेक देतात. प्रवाळाचा रंगही मुख्यतः त्या भाडेकरूंचा. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जरी अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी हा संसार मोडतो. भाडेकरू बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरा पडून उपाशी राहतो. ताप उतरला तर तो सावरतो, नाही तर मरतो. या महाभिंतीवर असे व्यापक संकट १९९८ आणि २००२ साली आले. मग २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५. पहिल्या दोहोंनंतर सावरण्यास चौदा वर्षे मिळाली. आता उसंतच मिळत नाही. आम्ही केर्न्सला पोचलो त्याच आठवड्यात तेथल्या सागरी विज्ञान संस्थेचा अहवाल आला. मोजणी १९८६ पासून चालू आहे. तेव्हापासून एका वर्षातील सर्वांत मोठी घट भिंतीच्या उत्तर व दक्षिण भागांत या खेपेस झाली आहे.

ती वर आली, मुखवटा काढला, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग जी बोलू लागली ती रात्रीपर्यंत. त्याने वरून जे पाहिले ते तिने ऐकून घेतले, तिने खालून जे पाहिले ते त्याने. आणि दोहोंची बेरीज केल्यावर तो दिवस पुरा झाला. अंगठी परत बोटात घालताना तिने विचारले, "हे पोवळे तिथलेच का हो?" तसे नव्हे. दागिन्यातले तांबडे पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातल्या निराळ्या जातीचे. पण मंगळाचे रत्न म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपण बोटात घातले ते कोणा जिवाचे घर होते, हे त्या दिवसापासून आमच्या मनातून जात नाही.

मुलांकडे जाणाऱ्या समवयस्कांसाठी दोन शब्द. तेथे जावयाचे तर जून ते ऑक्टोबर या कोरड्या दिवसांत जावे; नोव्हेंबर ते मे किनाऱ्याच्या पाण्यात अतिविषारी जेलीमासे असतात. प्रकृतीविषयी तक्त्यात जे विचारतील ते सर्व खरे सांगावे. 'नाही' म्हणणारा डॉक्टर आपला हितकर्ताच असतो. पाण्याखाली जाऊन आल्यावर निदान अठरा तास विमानात बसू नये. आणि दोघांपैकी एकालाच मुभा मिळाली, तर त्याने अवश्य जावे.

ज्यांना एवढे दूर जाणे नाही, त्यांनीही खंत करू नये. बेळगावकरांना आंबोलीचा घाट उतरला की मालवण. तेथे सिंधुदुर्गाच्या पायथ्याशी प्रवाळ आहेत, आणि १९८७ पासून तो समुद्र अभयारण्य आहे. बडोदेकरांना जामनगरजवळचे नरारा. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन प्रवाळ पाहता येतात, टाकी नको की मुखवटा नको. तेथे दम्याच्या माणसालाही आडकाठी नाही. येत्या हिवाळ्यात आम्ही तिकडे जाणार आहोत, या वेळी दोघेही एकाच पाण्यात उतरून.